रात्री तीन वाजता कोणाला विचारायचं?

वॉर्ड कुठलाही घ्या, मेडिसिनचा म्हणू. रात्रीचे तीन वाजलेत. पस्तीस खाटा भरलेल्या, शिवाय खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून आणखी सहा पेशंट. नाईटला एक स्टाफ, एक विद्यार्थिनी आणि एक मावशी. स्टाफ म्हणजे ती. चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग झालेलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदलेलं, रुजू होऊन सात आठवडे झालेले. अकरा नंबरच्या आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट आलाय, पोटॅशियम फार खाली गेलंय. निवासी डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "एक केसीएल लाव," आणि ते कॅज्युअल्टीकडे धावले.

तिने कपाटातून अँप्यूल काढली. 10 मिलीलीटर, 15 टक्के द्रावण, म्हणजे पोटॅशियमचे 20 मिलीइक्विव्हॅलंट. हे तिला पाठ आहे. हेच औषध 500 मिलीच्या सलाईनमध्ये मिसळून तासन्‌तास थेंबाथेंबाने दिलं तर माणूस वाचतो आणि सिरिंजमध्ये भरून थेट शिरेत सोडलं तर हृदय थांबू शकतं, हेही तिला ठाऊक आहे. पण "एक लाव" म्हणजे कशात लावायचं? किती तासांत? आजोबांची लघवी दुपारपासून कमी आहे, मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर एवढं पोटॅशियम झेपेल का? पुन्हा फोन करावा का? मागच्या आठवड्यात असाच एक प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मिळालं होतं, "एवढंही येत नाही? कॉलेजात काय शिकलात?" तेही चार नातेवाइकांसमोर.

फोनकडे गेलेला हात मध्येच थांबतो. हे प्रकरण त्या थांबलेल्या हाताबद्दल आहे. नव्या सिस्टर आणि ब्रदर नोकरीत का टिकत नाहीत, याची उत्तरं आपण पगारात, घड्याळात, परदेशाच्या ओढीत शोधतो. ती तिथे सापडतातही आणि त्यांच्याकडे आपण येणारच आहोत. पण मला सगळ्यात आधी हा हात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षात, रात्री, एकटीने, न घाबरता विचारता येईल असं कोणी आहे का? ज्या वॉर्डात आहे तिथे नव्या मुली राहतात. जिथे नाही तिथे त्या जातात, आणि पेशंटही धोक्यात येतो.

"आजकालच्या मुलींमध्ये सोसण्याची ताकदच नाही," हे वाक्य कुठल्याही रुग्णालयाच्या पायऱ्यांवर ऐकायला मिळेल. गमतीने नव्हे, मनापासून म्हटलेलं. पण ही तक्रार आजकालची नाही. अमेरिकेत मार्लीन क्रेमर या परिचारिका-संशोधिकेने 1974 साली एक पुस्तक लिहिलं, 'रिअ‍ॅलिटी शॉक' नावाचं, आणि त्याचं उपशीर्षकच होतं 'परिचारिका परिचारिकेचं काम का सोडतात'. आज ज्या मेट्रन निवृत्त होऊन नातवंडं सांभाळताहेत, त्या तेव्हा नवख्या होत्या. क्रेमरला दिसलं ते असं. कॉलेज मुलीला सांगतं की पेशंटशी बोल, त्याच्या मनातली भीती ओळख, प्रत्येक कृती नियमाप्रमाणे कर. वॉर्ड सांगतो की दुपारी दोनच्या आत सगळ्यांची इंजेक्शनं, ड्रेसिंग, नोंदी आणि इंडेंट उरकले पाहिजेत. दोन्ही सांगणारे आपापल्या जागी खरे असतात. मधे उभी असलेली मुलगी मात्र दोन्हीकडे नापास होते. सुरुवातीला सगळं छान वाटतं, गणवेश नवा असतो, घरी पहिला पगार जातो. मग काही आठवड्यांत धक्का बसतो. सगळं रुग्णालय खोटारडं वाटायला लागतं, किंवा आपणच कुचकामी आहोत असं वाटायला लागतं. यातून काही जणी सावरतात. काही जणी शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवून वॉर्डासारख्या होतात. काही जणी निघून जातात.

निघून जाणाऱ्या बहुतेक वेळा हळव्या असतात म्हणून जात नाहीत, असं मी ठामपणे म्हणेन. ज्यांना चूक आणि बरोबर यांतला फरक अजून टोचतो, त्याही त्यात असतात. त्यांना गमावणं रुग्णालयाला सगळ्यात महाग पडतं.

क्रेमरच्या पुस्तकानंतर दहा वर्षांनी, 1984 मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांनी एक वेगळा प्रश्न विचारला. नवखी आणि मुरलेली, या दोघींत नेमका फरक काय असतो? कॅलिफोर्नियातले ड्रायफस बंधू बुद्धिबळपटू आणि वैमानिक कसे तयार होतात याचा अभ्यास करत होते. त्यांच्या पायऱ्या बेनरनी वॉर्डात आणून लावल्या. त्यांनी परिचारिकांना प्रत्यक्ष प्रसंग सांगायला लावले आणि त्यातून पाच टप्पे मांडले, अगदी नवखेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत. कामावर पक्का हात बसायला एकाच प्रकारच्या पेशंटांत साधारण दोन ते तीन वर्षं जावी लागतात, हे त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं निरीक्षण.

फरक कसा दिसतो ते पाहा. नवी सिस्टर सकाळचे टीपीआर घेते. तापमान, नाडी, श्वास. नाडी 104, ताप 100.2, श्वास 26, बीपी 100/60. ती चारही आकडे केसपेपरवर नीट लिहिते आणि पुढच्या खाटेकडे जाते. तिने काही चुकवलं नाही. अनुभवी सिस्टर तेच आकडे बघते आणि तिथेच थबकते, कारण तिच्या डोळ्यांना आकडे सुटे दिसतच नाहीत. काल संध्याकाळी हा माणूस जेवणाबद्दल कुरकुर करत होता, आज तो गप्प आहे. पाय गार लागताहेत. श्वास वाढलाय. याला आतून जंतुसंसर्ग पसरतोय, असं तिला अजून सिद्ध करता येणार नाही, पण ती डॉक्टरांना बोलावते. ही नजर पुस्तकातून येत नाही, आणि ती नसणं हा नव्या मुलीचा दोषही नाही. ती नजर येईपर्यंत तिच्या शेजारी नजर असलेलं कोणी तरी हवं, एवढंच.

बेनरच्या दोन-तीन वर्षांपुढे आपल्याकडची एक सवय ठेवून बघा. नवीन स्टाफ आला की जिथे खड्डा पडलाय तिथे तो भरायचा. या महिन्यात सर्जरी, पुढच्या महिन्यात लेबर रूम, मग सुट्टीवर गेलेल्या कोणाच्या जागी डायलिसिस. पाहणाऱ्याला वाटतं, पोरगी सगळं शिकतेय. खरं तर ती दर महिन्याला पुन्हा पहिल्या दिवशी उभी असते. प्रत्येक वॉर्डात कात्री कुठे, इमर्जन्सी ट्रे कुठे, कोणत्या डॉक्टरांना कधी फोन करायचा, हे नव्याने. पहिलं वर्षभर एकच वॉर्ड, फार तर दोन, यासाठी एक रुपयाही जास्तीचा लागत नाही.

इथे थोडं थांबून भाषेबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या पुस्तकांत ते फारसं येत नाही. नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीत होतं. धाप लागणं, घाम फुटणं, भोवळ येणं यांची इंग्रजी नावं मुलींना तोंडपाठ असतात. पण पेशंट इंग्रजीत आजारी पडत नाही. साताऱ्याकडची म्हातारी म्हणते, "बाई, जीव घाबराघुबरा होतोय गं." कोणी म्हणतं, "छातीत भरून आल्यासारखं झालंय." कोणी नुसतं "कसंतरीच होतंय" एवढंच. वीस वर्षं काम केलेल्या सिस्टरला "जीव घाबरा" हे शब्द ऐकू आले की ती आधी बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावते, मग ईसीजीचं बघते, कारण त्या शब्दांमागे निव्वळ भीती असू शकते, तसा हार्ट अटॅकही असू शकतो. नव्या मुलीला तो शब्द फक्त काळजीचा वाटतो. ती प्रेमाने हात धरते, "आजी, घाबरू नका" म्हणते आणि पुढे जाते.

मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळमधून, ईशान्य भारतातून आलेल्या परिचारिकांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी हे ओझं दुप्पट. त्यांना मराठी शिकवायला कोणी नेमलेलं नसतं. शिकवतात त्या मावशी. खाट पुसता पुसता, बेडपॅन नेता आणता, "सिस्टर, ती बाई म्हणतेय पोटात कळ येतेय, कळ म्हणजे थांबून थांबून दुखतं बघा." दुखणं, कळ, चमक, ठणका, मुरडा, या शब्दांतला फरक मावशींनी किती जणींना समजावून दिला असेल. कुठल्याही रुग्णालयाच्या कागदावर ही शिकवणी नोंदलेली नाही. मला वाटतं, नव्या स्टाफला पहिल्या आठवड्यात जे ओळखीचे वर्ग घेतात, आग लागली तर कुठून बाहेर पडायचं वगैरे, त्यात एक तास या शब्दांचा असावा, आणि तो मावशींनी आणि जुन्या सिस्टरांनी मिळून घ्यावा.

आता पुन्हा त्या थांबलेल्या हाताकडे. 1990 च्या दशकात अमेरिकेत एमी एडमंडसन नावाची संशोधिका रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होती. तिची अपेक्षा साधी होती. ज्या वॉर्डांत प्रमुख चांगली, माणसांत मेळ चांगला, तिथे चुका कमी असणार. आकडे हातात आले ते नेमके उलटे. चांगल्या वॉर्डांतच चुका जास्त! तिने निष्कर्ष गुंडाळून ठेवला नाही, कारण शोधलं. चांगल्या वॉर्डांत चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या जास्त सांगितल्या जात होत्या. परिचारिका उघडपणे म्हणत, "माझ्याकडून डोस चुकला." ज्या वॉर्डात इन-चार्ज रागीट, तिथे चुका व्हायच्या आणि पोटात राहायच्या. तिने 1996 साली प्रसिद्ध केलेल्या या कामामुळे पुढे, माणूस न घाबरता बोलू शकेल अशा वातावरणाच्या कल्पनेला बळ मिळालं आणि ती जगभर गेली. तो अभ्यास परिचारिकांच्या वॉर्डांत झाला होता, हे मात्र आपण विसरलो.

आपल्याकडच्या रुग्णालयात चूक झाली की मेमो मिळतो. खुलासा द्या, तीन दिवसांत. मेमो हवा तिथे हवाच, बेफिकिरीला क्षमा नसावी. पण सात आठवड्यांच्या मुलीला पहिल्याच चुकीबद्दल मेमो दिला की ती काय शिकते? पुढच्या वेळी चूक दिसू द्यायची नाही, हे.

आणि यात जुन्या सिस्टरांना खलनायिका करून चालणार नाही. "आम्ही शिकलो ते असंच, रडत रडत," हे त्या म्हणतात ते खरं असतं. सासुरवासाची साखळी घरात तुटली तरी वॉर्डात चालू राहते, कारण वॉर्डात तिला कामाचं नाव मिळालेलं असतं. शिवाय जिच्याकडे नवी मुलगी शिकायला दिली, तिच्याच अंगावर पंचवीस पेशंट असतात. तिने शिकवायचं कधी?

बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात मार्था ग्रिफिन यांनी 26 नव्या परिचारिकांसोबत केलेला एक छोटा प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला. टोमणा, सर्वांसमोर अपमान, माहिती मुद्दाम न सांगणं, अशा नेहमीच्या प्रसंगांत काय बोलायचं याची वाक्यं त्यांनी मुलींना आधीच तयार करून दिली, छोट्या कार्डांवर छापून, ओळखपत्राच्या मागे लावायला. मुलींनी ती प्रत्यक्ष वापरली, आणि समोरच्याचं वागणं थांबलंही. संख्या लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत. तरी मला या कल्पनेत शहाणपण दिसतं. अपमानाच्या क्षणी वाक्य सुचत नाही. ते आधीच हाताशी असावं लागतं. "सिस्टर, मला हे येत नाही, म्हणूनच विचारतेय. पेशंटसमोर नको, पण मला नंतर पाच मिनिटं द्याल का?" एवढं वाक्य मराठीत घोकून घेतलं तरी किती रात्री सोप्या होतील!

डॉक्टरांना फोन करण्यासाठीही असं वाक्य आहे. त्याची जन्मकथा मजेशीर आहे. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांत माहिती थोडक्यात आणि न चुकता द्यायची एक पद्धत होती. ती कैसर पर्मनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेतल्या लोकांनी रुग्णालयात आणली, आणि आता ती एसबार म्हणून जगभर शिकवतात, आपल्या कॉलेजांतही. आत्ता काय होतंय, आधी काय झालं होतं, मला काय वाटतं, मला काय हवंय, या क्रमाने बोलायचं. "सर, अकरा नंबर, पोटॅशियम 2.6. दुपारपासून लघवी कमी. मला वाटतं क्रिएटिनीन बघितल्याशिवाय पूर्ण डोस नको. किती सलाईनमध्ये, किती तासांत द्यायचं, ते सांगा, मी लिहून घेते आणि परत वाचून दाखवते." आपल्याकडे यातला तिसरा भाग सगळ्यांत अवघड. 'मला वाटतं' हे शब्द बावीस वर्षांच्या मुलीने डॉक्टरांना म्हणायचे, हे तिला ना घराने शिकवलेलं असतं ना कॉलेजने. अनुभवी सिस्टर तिच्यासमोर ते म्हणते तेव्हाच ते तिला जमतं.

दुसरं साधन आकड्यांचं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये एक धोक्याची गुणपद्धत आणली, 2017 मध्ये सुधारली. श्वासाची गती, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप, प्रत्येकाला गुण. बेरीज पाच झाली की लगेच डॉक्टरांना कळवायचं, सात किंवा वर गेली की तातडीचं पथक बोलवायचं. हे पेशंटसाठी केलेलं आहे, पण नव्या परिचारिकेला त्यातून एक न सांगितलेली गोष्ट मिळते, परवानगी. "मला बरं वाटत नाहीये या पेशंटचं" असं म्हणायचं धैर्य तिच्यात नसतं. "सर, गुण सात झालेत" असं म्हणायला धैर्य लागत नाही. मघाच्या त्या पेशंटचे आकडे या पद्धतीत घातले असते तर नवख्या मुलीलाही फोन उचलावा लागला असता. एक अट मात्र आहे. श्वास खरोखर मोजलेला हवा. घाईच्या वॉर्डात सगळ्या खाटांसमोर 18 किंवा 20 लिहिलेलं दिसतं, आणि हा आकडा असा लिहायला मुलगी कॉलेजात शिकत नाही, वॉर्डात शिकते.

पण माणसाच्या ऐवजी कार्ड आणि तक्ते ठेवून भागत नाही. म्हणून अनेक देशांनी नव्या परिचारिकेसाठी माणूस नेमला. अमेरिकेत 2002 मध्ये विद्यापीठांच्या रुग्णालयांनी मिळून वर्षभराचा एक कार्यक्रम सुरू केला, डॉक्टरांच्या निवासी प्रशिक्षणासारखा. नव्या बॅचने दर महिन्याला एकत्र बसायचं, आपले प्रसंग सांगायचे, आणि वॉर्डात एका ठरलेल्या अनुभवी परिचारिकेसोबत काम करायचं. स्कॉटलंडने 2006 मध्ये नव्यांसाठी पहिल्या वर्षाचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला. जपानने तर 2009 मध्ये कायदाच बदलला, आणि एप्रिल 2010 पासून नव्या परिचारिकांना प्रशिक्षण देण्यासाठी प्रयत्न करणं ही रुग्णालयांची जबाबदारी ठरली.

अमेरिकेतल्या कार्यक्रमातली मासिक बैठक वरवर क्षुल्लक वाटते. तसं नाही. नव्या मुलीला वाटत असतं की गोंधळ फक्त माझाच होतोय. बाकीच्या सगळ्या सराईत आहेत. तिच्याच बॅचची दुसऱ्या मजल्यावरची मैत्रीण म्हणते, "मला काल अर्धा तास व्हेन सापडली नाही, बाथरूममध्ये जाऊन रडले," तेव्हा तिचं ओझं अर्धं होतं. आपल्याकडे हे होस्टेलवर, मेसमध्ये आपोआप व्हायचं. आता मुली भाड्याच्या खोल्यांत विखुरल्या आहेत, ड्युट्या जुळत नाहीत.

होस्टेलवरून रमाबाई रानडे आठवतात. पुणे सेवासदन 1909 मध्ये सुरू झालं. त्या काळी परिचारिकेचं काम करणाऱ्या बाईकडे समाज कसा बघायचा हे सांगायला नको, आणि त्यात ती विधवा असली तर आणखीच. रमाबाईंनी मुलींना ससून रुग्णालयात शिकायला पाठवलं. फक्त पाठवून त्या थांबल्या नाहीत. सेवासदनाच्या वसतिगृहांपैकी एक ससूनमध्ये शिकणाऱ्या या मुलींसाठी होतं. दिवसभर परक्या माणसांच्या जखमा धुतल्यावर संध्याकाळी परतायला आपली माणसं असलेली एक जागा. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी रमाबाईंना जे कळलं होतं, ते आज मोठमोठ्या रुग्णालयांच्या मनुष्यबळ विभागांना नव्याने सांगावं लागतं.

आकड्यांचा विषय टाळता येणार नाही. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांतले दोन लाख बत्तीस हजारांहून जास्त शस्त्रक्रियेचे पेशंट आणि दहा हजारांवर परिचारिका अभ्यासल्या आणि 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. परिचारिकेच्या वाट्याला सरासरी एक पेशंट वाढला की तीस दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसत होती, आणि परिचारिका मनाने थकून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी. तिथे फरक चार पेशंट की आठ असा होता. कॅलिफोर्नियाने तर 1999 मध्ये कायदा करून 2004 पासून प्रत्येक वॉर्डाचं प्रमाण बांधून दिलं. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक, वर रजांसाठी 30 टक्के जादा असा आहे. सुरुवातीच्या वॉर्डातल्या एक्केचाळीस जणांपुढे हा निकष ठेवून पाहावा. तिथे कितीही चांगली परिसेविका नेमली तरी ती नव्या मुलीशेजारी उभी राहू शकणार नाही. शिकवणं हे काम आहे आणि कामाला हात लागतात.

मग पगार. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या हलाखीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 29 जानेवारी 2016 रोजी न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली की 200 हून जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयात पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका असावा, आणि 50 खाटांहून लहान ठिकाणीसुद्धा तो 20,000 रुपयांच्या खाली जाऊ नये. अंमलबजावणी राज्यांवर राहिली, आणि बहुतेक ठिकाणी ती तिथेच अडली. त्याआधी, 2011-12 मध्ये, मुंबई, दिल्ली आणि केरळात परिचारिका संपावर गेल्या होत्या, त्यांच्या मागण्यांत एक होती बाँड रद्द करण्याची. दोन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून द्या, मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडे ठेवा, मधेच गेलात तर पैसे भरा. मला हा प्रकार अमानुष वाटतो, आणि निरुपयोगीही. प्रमाणपत्र कपाटात अडकवून मुलगी थांबते, पण ती दिवस मोजत थांबते. शिकायचं, पेशंटसाठी जीव ओतायचा, नव्या मुलीला सांभाळायचं, हे ती कशासाठी करेल?

आणि ती बाहेर जाते. आखातात, ब्रिटनमध्ये, आता जर्मनीतही. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिका आहेत. जगात 2023 मध्ये सुमारे 2 कोटी 98 लाख परिचारिका होत्या आणि तरी 58 लाखांची कमतरता होती, असं जागतिक आरोग्य संघटनेचा 2025 चा अहवाल सांगतो. त्यामुळे हाका येत राहणार. जाणाऱ्या मुलींना मी दोष देणार नाही, घरं उभी राहतात त्या पैशांवर. खंत वेगळी आहे. तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यांत तिला शिकवायला माणूस मिळतो, प्रश्न विचारायची वेळ ठरलेली असते. इथे तिने ते कधी पाहिलेलं नसतं.

इथे काय करता येईल? कोट्यवधींचा निधी लागेल ते सोडा, तो मागत राहायलाच हवा. कागद आणि पेनाने होण्यासारखं एक काम आहे. महिना संपत आला की परिसेविका पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट आखते. आडव्या ओळीत तारखा, उभ्या ओळीत नावं, चौकोनांत एम, ई, एन आणि डे ऑफ. त्या लिस्टवर नव्या मुलीच्या नावासमोर पहिले तीन महिने एन लिहिताना त्याच रकान्यात, त्याच तारखेला, आणखी एक एन पडला पाहिजे, किमान पाच वर्षं जुन्या नावासमोर. तेवढ्या माणसांची सोय नसेल तर निदान शेजारच्या वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरचं नाव आणि इंटरकॉमचा नंबर लिस्टच्या खाली लिहिलेला असावा, आणि त्या सिस्टरला तो लिहिलाय हे सांगितलेलं असावं. सकाळी ओव्हर देताना, औषधं आणि सलाईनचा हिशेब झाल्यावर, परिसेविकेने नव्या मुलीला एकच वाक्य विचारावं, "रात्री कुठे अडलीस?" आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीतून उठू नये.

पहिल्या दिवशी ती "कुठेच नाही, सिस्टर" म्हणेल. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या-पाचव्या सकाळी ती म्हणेल, "सिस्टर, ते अकरा नंबरच्या आजोबांचं केसीएल..."